मागे कोणी असताना

आर्वीहून आणली तेव्हाच ठरवलं होतं,
टाकीवरची ही लाल-पिवळी पट्टी ठेवायची नाही.
लिंबाखाली नाही, भर उन्हात उभी केली;
पत्रा तापला की स्टिकर नखाचं ऐकतं.

निघालं. डिंक राहिला.
घासलेट, मग खोबरेल, मग भाच्याचा खोडरबर —
तेवढ्यात जिनिंगकडून रुईचा पुंजका उडत आला
अन् टाकीला पांढरी मिशी फुटली.
सुभद्रामाय कुंपणावरून हासली,
"नवी गाडी आतापासूनच म्हातारी करून राह्यला का बे?"

सगळी काढली.
चेन-कव्हरवरचं एक राहू दिलं:
एकटा असताना हवा इतकी,
मागे कोणी असताना इतकी.

पंक्चरवाला विचारते, किती भरू?
मी दुसरा आकडा सांगतो.