दातांत धरलेला दोरा

ग्लदानीत, औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर
आम्ही उभे असतो. कशासाठी, ते कुणी विचारत नाही.
पाठ भिंतीला, एक बूट पुढे, मुठीत सूर्यफुलाच्या बिया,
आणि थुंकताना मान किती वळवायची
हे कुणी न शिकवता आलेलं.

गुरुवारी तिथं बाचाना नावाचा पोरगा स्टूल घेऊन आला.
सुई, दोऱ्याचं रीळ, डबाभर बटणं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं :
बटण तुटलेल्या पुरुषांसाठी.
फुकट. शर्ट काढायचा नाही.

"कलाकार आहे," औषधवाली म्हणाली,
ताप आहे म्हणावं तशी.
आम्ही हसलो.
हसणं आमच्या खिशात तयारच असतं, चाकूशेजारी.

दोन दिवस तो नुसताच बसला.
तिसऱ्या दिवशी नुगझार गेला. मिनीबसवाला नुगझार,
ज्यानं पैजेखातर गाडीचं मागचं चाक उचललं होतं.
छातीवरचं दुसरं बटण, सहा महिने नसलेलं.
बायको बातुमीला निघून गेली त्यालाही सहा महिने
(हा हिशेब मोठ्यानं कुणीच केला नाही).

बाचानानं आधी दोऱ्याचा तुकडा त्याच्या ओठांशी नेला :
"दातांत धर. अंगावर शिवताना धरतात,
नाहीतर अक्कल शिवली जाते."
आमच्याही घरी बायका हेच म्हणायच्या.
नुगझारनं धरला. आता त्याला बोलता येईना,
तसंही तो कुठं बोलायचा.

सुई आत, सुई बाहेर,
दरवेळी नुगझारचं पोट आत.
दोन पुरुष एवढे जवळ म्हणजे
मारामारी, नाहीतर कुणीतरी गेलेलं.
हे तिसरं काय, याला आमच्याकडे शब्द नव्हता,
म्हणून वाख्तांगनं शिटी मारली.
ती अर्ध्यातच सुकली.

शेवटी गाठ. कात्री नव्हतीच.
बाचाना वाकला, छातीपाशी तोंड नेलं
आणि दातांनी दोरा तोडला.
कट्.
नुगझारचे डोळे मिटलेले.

मग मिनीबस सुरू झाली. सदतीस नंबर.
काचेआड त्याचा चेहरा,
ओठांतून तो पांढरा दोरा अजून लोंबत होता.
काढायला विसरला, असं आम्ही ठरवलं.

संध्याकाळी पोलिसांनी स्टूल उचलायला लावलं.
मी पाठ भिंतीला लावून
शर्टाचं एक धडधाकट बटण
पिळत होतो, पिळत होतो.
निघेना.
आईनं शिवलेलं.