अकरावं प्रकरण

एटेल्काबाई बोलतात त्यांच्या हंगेरियन वळणाच्या इंग्रजीत,
मी उतरून घेते देवनागरीत, हात तिथेच भरभर चालतो म्हणून.
"आय वॉज सेव्हन्टीन." वहीत ते असं दिसतं
जणू आमच्या गुहागरच्या शाळेतल्या एखाद्या पोरीने
चुकून दुसरीचाच जन्म लिहिलाय.
रात्री भांडी विसळून झाली की टाइप करते.
मुलगा अॅल्युमिनियमच्या कारखान्यात.
त्याला वाटतं, आईने म्हातारपणी छंद लावून घेतला.

जुफैरच्या या नवव्या मजल्यावरून
सित्र्याची रिफायनरी दिसते,
चिमणीच्या टोकाला दिवसरात्र जाळ.
पहिल्याच दिवशी मी पडदा ओढला.
कुणी सांगायला लागतं का, अशा माणसाला काय दाखवू नये?
त्या म्हणाल्या, उघड. पलंगही तिकडे फिरव.
तिथे फक्त वायू जळतो.
हे मला रोज स्वतःला सांगावं लागतं,
आणि सांगायचं तर ते समोर हवं.

दहा प्रकरणं सरळ गेली.
आगगाडी, तिच्यातली एकच बादली, कापलेले केस,
थोरल्या बहिणीचे बूट,
ती गेल्यावर तिच्या पायांतून काढलेले,
अजून ऊब होती त्यांत.
हे सांगताना पाय माझ्या मांडीवर होते.
नखं वाढली होती. कापली.

अकराव्याला गाडं अडलं.
प्रकाशकाचं पत्र: क्षमेवर काहीतरी हवं, शेवट तसा हवा.
तीन दिवस वहीत नुसती तारीख.
चौथ्या दिवशी म्हणाल्या, तुझ्या भाषेत काय म्हणतात?
म्हटलं, क्षमा. जुन्या कोशात पृथ्वीलाही क्षमाच म्हणतात,
सगळं सोसते म्हणून.
त्या हसल्या नाहीत.
"सोसत नाही ती, मान्दा. झाकते.
मी उकरलीय हातांनी."

मग दुपारी, एसीचं पाणी बादलीत टपटपत असताना,
न विचारताच:
एक मुलगी होती. माझ्याच फळीवर झोपायची.
माझा पाव तिने चोरला. दोनदा.
दुसऱ्यांदा मी तिला खाताना पाहिलं,
डोळे मिटलेले, बाळाला पाजताना मिटतात तसे.
मी पहारेकरणीला सांगितलं.
नंबर पुरला असता.
मी नाव सांगितलं.

एसीचं पाणी मी ओतून आले.
आल्यावर त्यांनी ते नाव मला सांगितलं. मी लिहिलं.

"ज्यांनी आम्हाला तिथे नेलं, त्यांची माफी
माझ्या एकटीच्या सहीने होत नाही.
बाकीच्यांच्या सह्या कुठून आणू?
माझ्या खात्यावर आहे ती एवढी.
विचार त्याला, हे चालेल का."

मी कुणाला काही विचारलं नाही.
रात्री टाइप केलं जसंच्या तसं, आणि नावापाशी थांबले.
देवनागरीत ते मला नीट वाचता येत होतं,
त्यांच्या लिपीत कसं लिहितात ते ठाऊक नव्हतं.

सकाळी त्यांनी बोटाने चादरीवर काढून दाखवलं.
पाच अक्षरं. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन टिंबं.
पुन्हा, म्हटलं.
पुन्हा काढलं, टिंबं देताना बोट जरा दाबून.
खिडकीत जाळ उन्हाने फिका पडला होता,
तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझ्या कीबोर्डवर तसली टिंबं नाहीत.
पुस्तक आलं की पेनाने द्यावी लागतील,
एकेका प्रतीत.