शिसपेन्सिल

हॅरोबेकच्या वाचनालयात माझं काम एवढंच:
जुनी पुस्तकं काचेवर पालथी घालायची,
उजेड सरकू द्यायचा, पान उलटायचं.

आज आलंय अठराशे अडुसष्टचं मतनोंदीचं पुस्तक.
तेव्हा मत चारचौघांत, मोठ्याने सांगायचं,
आणि सांगितलेलं मत छापून निघायचं:
नाव, धंदा, गल्ली, कुणाला.
किंमत एक शिलिंग.
ही प्रत गिरणीच्या कचेरीतली.

उमेदवार दोन. एक हॅलिवेलसाहेबांचा जावई,
दुसरा बाहेरगावचा कुणी वकील.
त्या सकाळी गिरणीची घंटा तासभर उशिरा झाली.
माणसं रांगेने नेली, पुढे मुकादम, मागे मुकादम,
चौकात बिअरचं पिंप.
कुणाच्या अंगाला हात लावला नाही.
हात लावायची गरज कुणाला,
ज्याच्या मुठीत चूल आहे, छप्पर आहे,
पोरांची अर्ध्या दिवसाची शाळासुद्धा?

तरी सतरा जणांनी वकिलाचं नाव घेतलं.
ईनॉक शटलवर्थ, विणकर, टेंटर स्ट्रीट.
जेबेझ पिकप, भट्टीवाला.
त्यांच्या समासात शिसपेन्सिलीची बारीक टिंबं,
कुणीतरी टोक जिभेला लावून
सावकाश दिलेली.

पुढच्या वर्षीच्या भाडेवहीत टेंटर स्ट्रीटला
ईनॉकच्या जागी वेगळंच नाव आहे.
ती वही मी गेल्या आठवड्यात पालथी घातली होती.
तेव्हा मला ती नुसती आकड्यांची वाटली.

स्कॅनमध्ये टिंबं येत नाहीत.
मॉरीन म्हणते, पांढरं पांढरंच दिसू दे,
डाग जावेत म्हणूनच तर हे यंत्र घेतलं.
यंत्राचे पैसे हॅलिवेल ट्रस्टचे.
इमारत त्यांची, जिन्यावरची तसबीर त्यांची,
तिच्याखालच्या चटईला मी रोज पाय पुसते.
पगारही तिथलाच, खरं तर.
खाल्ल्या मिठाला मी कधी विचारलं नाही
ते कुठल्या आगरातलं.

मी कॉन्ट्रास्ट वाढवते.
टिंबं उमटतात, सोबत अंगठ्याचे ठसे,
चहाचा ओघळ, चिलटाचा एक पंख.

सोळा. पुन्हा मोजते. सोळाच.
लेव्हाय ऑग्डन, सूत गुंडाळणारा,
त्याच्यापुढे टिंब नाही.
मत वकिलालाच आहे, छापलेलं आहे.
विसरला असेल कारकून.
किंवा हा त्याचा मेहुणा असेल.
किंवा रात्री मागल्या दाराशी
टोपी हातात घेऊन उभा राहिला असेल,
पावसात, बराच वेळ.

पान उचलून दिव्यासमोर धरते.
त्या जागी कागद पातळ झालाय,
करंगळीच्या नखाएवढा.
कुणीतरी खोडलंय. रबराने, की पावाच्या गोळीने,
सांगता येत नाही.
तेवढ्यातून उजेड येतो.

मॉरीन दारातून विचारते, झालं का?
म्हटलं, हे एक पान राहिलंय.