मोकळं टोक

अकरा वाजून दहा मिनिटांनी जातं.
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी
मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
मंगळवार ११.१०, ११.४२, १.०५.
बुधवारी दिवसभर ठीक.
बुधवारी आभाळ होतं.

कानात कुठल्याशा शहरातला डॉक्टर बोलत असतो,
मी टाइप करत असते,
‘पेशंटच्या डाव्या फुप्फुसात’
आणि मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो.
डाव्या फुप्फुसात काय
ते मला सात मिनिटांनी कळतं.

फोनवरची मुलगी म्हणते, बंद करून चालू करा.
केलं.
तीस सेकंद मोजून केलं.
मोडेम बदलला, नवा अडॅप्टर आणला,
धुपाटणं फिरवावं तसा राउटर
घराच्या चारी कोपऱ्यांत फिरवून आणला.

गांगुर्डे येतो तो संध्याकाळी सातला,
तेव्हा सगळं सुतासारखं सरळ.
डॉक्टरच्या खुर्चीत दाढ दुखायची थांबते, तसं.
मीटर लावतो. ताई, लाइन ओके आहे.
मी कॅलेंडर पुढे करते.
तो उभ्याउभ्या बराच वेळ वाचतो,
‘दूध नाही’सुद्धा वाचतो बहुतेक,
मग विचारतो,
अकराला गच्चीवर ऊन येतं का हो?

दुसऱ्या दिवशी तो अंबडचं काम टाकून
अकराला हजर.
टाकीमागे वायरीचा सांधा.
सांध्यावर काळी टेप, टेपवर दुधाची पिशवी,
पिशवीवर सुतळी, सुतळीला दुहेरी गाठ.
ही गाठ मी कुठेही ओळखली असती,
माझ्या शाळेच्या डब्यालाही हीच असायची.
आत तांब्याची तार
तुळशीच्या पानासारखी हिरवी.

गांगुर्डेनं ब्लेडनं साल काढली,
जाळी मागे दुमडली, पांढरा फोम तासला,
मध्ये सुईएवढं लखलखीत तांबं.
ऊन लागलं की वायर वाढते, म्हणाला,
सांधा सोडतो.
केसाएवढाच. पण सोडतो.

दोन दिवस बरे गेले.
तिसऱ्या दिवशी ११.२०.

मग वायर हातात धरून आम्ही खाली उतरलो,
जिना, माळा, गोदरेजच्या कपाटामागची भिंत.
कपाट तिघांनी ओढलं.
मागे माझा हरवलेला कंपास
आणि पितळी रंग उडालेला एक स्प्लिटर:
एक फाटा टीव्हीचा,
एक मोडेमचा,
तिसरा भिंतीतून पलीकडे.

सिडकोतली घरं ही, एकाच भिंतीला दोघांची पाठ.
पलीकडे बोरस्तेमावशी राहायच्या.
मिस्टर गेले त्या वर्षी त्यांनी केबल काढून टाकली,
तरी दुपारी त्यांच्याकडून मालिकेचा आवाज यायचा.
आई म्हणायची, परवडतं कसं हिला?
बाबा पेपर वाचत असायचे.
पान उलटायचे.

मावशी सिन्नरला लेकीकडे गेल्या
त्याला सहा वर्षं झाली.
घराला कुलूप आहे, कुलपाला पिशवी बांधलीय.

हे टोक मोकळं राहिलंय, गांगुर्डे म्हणाला,
सिग्नल तिकडे जातो, तिथं घेणारं कुणी नाही,
मग परत फिरतो
आणि येणाऱ्याच्या अंगावर जाऊन आदळतो.
पलीकडचे पत्रे तापले की जास्तच.
हा स्प्लिटर काढून टाकू?
की नवा लावून तिसऱ्याला टोपी बसवू?

मी म्हटलं, टोपी.
त्यानं शर्टाच्या खिशातून काढली,
अंगुस्तानापेक्षा लहान, पंच्याहत्तर ओहमची.
दोन बोटांनी फिरवून घट्ट केली.
टोपीचे पैसे घ्यायला तयार नव्हता.
पत्र्याखालचं टोक उद्या कापून टाकतो म्हणाला,
अजून आलेला नाही.

कॅलेंडरचा आठवडा कोरा आहे,
फक्त शनिवारी दूध नाही.
आईनं भाजी निवडतानाच विचारलं,
काय निघालं शेवटी?
सांधा, म्हटलं. गच्चीवरचा.
ती म्हणाली,
ह्यांनी बांधला होता ना,
म्हणून टिकला एवढी वर्षं.