चौथा प्रोग्रॅम

फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुम्हाला काय ऐकू यायला हवं आहे?
बहुतेक जण लिहितात, नातवंडं. काही जण, टीव्ही.
एका बाईंनी लिहिलं होतं, काहीच नाही, लेकीनं आणलं म्हणून आले.
रॉयस्टन पेव्हरिलनं लिहिलं:
व्हेलोसेट. एकोणीसशे चौपन्नची. जागेवर उभी असताना.

म्हणून मी लडलोहून निघाले,
लॅपटॉप, केबली, कानाचे साचे पिशवीत,
क्लनच्या पुढे मेंढ्यांनी दहा मिनिटं अडवलं,
मग ते धान्याचं जुनं कोठार.
दार सरकलं. मी मोजायला लागले
आणि सोडून दिलं.
एकतीस मोटारी, म्हणाला टडर, त्याचा मेकॅनिक.
बाइकचं विचारू नका.

चादरी पांघरून निजलेल्या. एकीचं नुसतं नाक बाहेर.
"ही पहिल्या रेकॉर्डची," पेव्हरिल ओरडून सांगत होता,
"ही जर्मनीच्या दौऱ्याची.
ही घटस्फोटाची, अर्धीच माझी."
भिंतीवर गिटार एक, तारा गंजलेल्या,
त्याच खिळ्याला फॅनबेल्ट.

त्याचा आलेख मी आधीच पाहिला होता:
पाचशे हर्ट्झपर्यंत पठार,
पुढे सरळ कडा.
चाळीस वर्षं भिंतीएवढे स्पीकर पाठीशी घेऊन उभा राहिलेला माणूस.
स, श, झांजा, चिमण्या, घड्याळ,
सगळं दरीत.

संगीत नको? मी कागदावर विचारलं.
"गाणी पाठ आहेत," तो म्हणाला.
"ही रोज सकाळी वेगळी असते."

अलीकडे तो स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
टोक इंजिनाला टेकवायचा,
कवटीतून ऐकायचा.
टडरनं दाखवली मला ती मूठ. लाकडात दातांच्या दोन ओळी.

तिसऱ्या किकला ती उठली.
आणि माझ्या यंत्रानं काय केलं?
त्याला शिकवलंय तेच:
खालच्या पट्टीतला, एकसारखा, न थांबणारा आवाज
म्हणजे गोंगाट. दाब त्याला.
स्क्रीनवर तो दबताना दिसला,
मग पेव्हरिलच्या चेहऱ्यावर.
"बंद पडली?"
ती तर समोर थरथरत होती.

लॅपटॉप मी एका बॉनेटवर ठेवला
(आधी टडरनं खाली मऊ फडकं घातलं)
आणि एकेक पहारेकरी उठवला.
गोंगाट-नियंत्रण, बंद. वारा, बंद. दिशा, चारी.
आम्हाला शिकवलंय, असं कधी करायचं नाही.

सांगलीत बाबांची येझदी कोपऱ्यावर वळली
की आई आधण ठेवायची.
मधे तीन गल्ल्या, पिठाची गिरणी,
तरी कधी चुकली नाही.

पेव्हरिलनं टाकीवर हात ठेवला नाही.
नुसता उभा, मान किंचित डावीकडे.
"एक्झॉस्टचा टॅपेट," म्हणाला. "सैल आहे. केसभर."
टडरनं मान हलवली. कालच बसवलाय.
माझे कान शाबूत, मला काहीच कळेना.
इंजिन निवेपर्यंत दोनदा चहा झाला.
मग टडरनं झाकण काढून पातळ पट्टी आत सरकवली,
बराच वेळ गप्प राहिला,
आणि एक शिवी दिली, घरातल्या माणसाला देतात तशी.

नाव द्या, म्हणालं सॉफ्टवेअर.
त्याच्याकडे तयार होती: हॉटेल, सभा, मोटार.
मोटार म्हणजे, मोटारीचा आवाज घालवण्यासाठी.
मी नुसता आकडा टाकला, चार.

निघताना दारात ग्वेनीथ उभी, त्याची बायको,
काहीतरी म्हणाली, बहुतेक जेवणाचं.
कानामागचं बटण असं, की एकदा दाबलं की पुढचा प्रोग्रॅम,
चारानंतर पुन्हा पहिला, माणसांचा.
त्यानं एकदा दाबलं.
तिचं ऐकून घेतलं, हो म्हणाला,
आणि कोठाराकडे वळता वळता
आणखी तीनदा.