तुटका आठ

एल्गोइबारमध्ये, नदीकाठच्या शेडमध्ये
लेथ चालू आहे, पण पडद्यावर सकाळपासून
एकच ओळ लुकलुकते: बॅटरी संपत आली.
गार्बीन्ये म्हणते, तीस वर्षांची मापं आहेत त्याच्या पोटात,
सासऱ्यांनी कागदावर काही ठेवलं नाही.

मी कपाटाचं दार उघडते.
पंख्यामागे कोळ्याने संसार थाटलाय.
पत्र्याची पट्टी, चारातले तीन रिबिट शाबूत.
चिंधीवर थोडं रॉकेल, थोडी थुंकीसुद्धा.
टॉर्च समोरून धरायचा नाही, आडवा धरायचा;
उजेड तिरका पडला की आकडे उठून बसतात.
पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं कारखान्याचं,
मग पाच आकडे.
चौथ्या जागी तीन.
किंवा आठ.

तीन असेल तर यंत्र बंद करूनच बॅटरी काढायची,
चालूत हात घातला तर आतली पाटी जळते.
आठ असेल तर चालूच ठेवायचं,
बंद केलं की आठवण कोरी, मापांचे तीनतेरा.
पुस्तिकेत दोन्ही लिहिलंय, शेजारी शेजारी.
कंपनी बुडाली. तिच्या जागी आता
गाद्या विकतात.

बालेन्दिन चीज आणायला निघाला होता,
रिकामी पिशवी घेऊन तसाच आला.
एकोणीस वर्षं याच पट्ट्या ठोकल्या त्याने.
चष्मा काढला, खिशात ठेवला,
अंगठ्याचं नख आकड्यावरून फिरवलं.
मग मला म्हणाला, तू बघ. डावीकडे.
मी नख फिरवलं. काहीतरी होतं,
घशात राहिलेल्या माशाच्या काट्याएवढं.

"आठ," तो म्हणाला.
"पंच फरशीवर पडला, त्याचा डावा गाल फुटला.
नवा मागितला. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात.
चार महिने मी तिनासारखे आठ ठोकले."
हे कुणाकुणाला माहीत आहे?
"मला. आता तुम्हा दोघींना."

लेथ घुरघुरत राहिला.
मी जुनी बॅटरी काढली.
गार्बीन्ये दारात जाऊन नदीकडे बघत उभी,
बालेन्दिनचं लक्ष घड्याळाकडे:
चीजचं दुकान दीडला बंद होतं.
नवी बसली. ओळ विझली.
मापं जागच्या जागी होती,
सासऱ्यांची, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत.

वहीत मी लिहिलं: चौथी जागा, दिसतो तीन, आहे आठ.
"माझं नाव नको घालूस," तो म्हणाला.
मी घातलं नाही. पंचाचं काय झालं, एवढं विचारलं.

फेकून दे म्हणाले होते. फेकला नाही.
चेस्टनट भाजायच्या आधी सालाला भोक पाडावं लागतं,
नाहीतर ते तव्यावर फुटतात.
हिवाळ्यात तो ओट्याशी बसतो, हातोडी हलकीच मारतो,
आणि नातवंडं बोटं पोळत सोलतात
एकेक तुटका आठ.