सातवं घर

नकाशातल्या चौकोनाला आम्ही घर म्हणतो.
तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद,
आत एक आकडा राहतो.
परशुराम भठ्ठ्यात तेवढ्याच जागेत
अकरा बिऱ्हाडं राहतात, दोन शेळ्या,
आणि जगदाळ्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान.

आकडा उलगडला की सोळा खण,
प्रत्येकात एक, नाहीतर शून्य.
उजवीकडून मोजायचं, तेही शून्यापासून.
तिसरा खण ढगाचा, चौथा ढगाच्या सावलीचा,
पाचवा बर्फाचा (बडोद्यात तो जन्मभर रिकामा),
सातवा पाण्याचा.
फाल्गुनीबेन खणांनाही घरंच म्हणते,
तिचे वडील पत्रिका बघायचे.
"सातवं लग्नाचं असतं," ती म्हणाली.
एकापासून मोजलं तर हेच आठवं.
आठव्याबद्दल ती काही बोलली नाही.

एकशे अठ्ठावीस घ्यायचा आणि 'आणि' लावायचं.
'आणि' फार कडक.
दोन्हीकडे एक असेल तरच एक, बाकी सगळं विझतं.
मग उजवीकडे सात खण सरकवायचं,
पुरात गाद्या, पिंप, देव
एकेक पायरी वर सरकवतात तसं.
शेवटी हातात उरतं कोरडं किंवा ओलं.

मेमधलं चित्र आणि ऑगस्टमधलं चित्र
एकावर एक ठेवून लावलं
'हे किंवा ते, पण दोन्ही नाही'.
सूरसागर गळून पडला,
तो तेव्हाही पाणी, आताही पाणी.
शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेपुढे एकच रेघ होती.
बाबांनी पेन उचललं, ठेवलं,
आणि बाहेर जाऊन फाफडा घेऊन आले.
ती रेघ माझ्या दाखल्यावर अजून कोरी आहे.

विश्वामित्री फुगलेली दिसते पडद्यावर,
काठ सोडून, समा ते अकोटा.
मगरीसाठी खण नाही.
जिन्यावर येऊन बसलेली ती
तीस मीटरच्या घरात कुठेच नाही.

यादी सोमवारी महापालिकेत जायची होती.
जगदाळ्यांच्या घरात आकडा आला
बावीस हजार दोनशे ऐंशी.
तिसरा खण पेटलेला. सातवा शून्य.
ढग.
ढगाखालचं घर गाळायचं, असा नियम आहे,
आणि नियम मीच लिहिला होता, दोन वर्षांपूर्वी,
एका कंटाळवाण्या दुपारी.

गुरुवारी अकराला उपग्रह वरून गेला
तेव्हा मी त्याच घरात उभी होते,
कमरेइतक्या पाण्यात,
मशीनचं चाक डोक्यावर धरून.
मान वर केली होती एकदा.
ढग होता. खरंच होता.
उपग्रह खोटं बोलला नव्हता,
त्याला फक्त माझ्याइतकं खाली येता आलं नाही.

जगदाळ्यांच्या मुलाकडे फोनवर फोटो होता,
तारीख, वेळ, दाराच्या कडीपर्यंत पाणी.
त्याच्यावरून एका घराचा नकाशा केला.
एकच घर. आत एकशे अठ्ठावीस.
शेजारी फोटोची नोंद, खाली माझं नाव.
आणि या वेळी 'किंवा' लावलं.
'किंवा'चा हात सैल,
कुणाकडेही दिवा असला तर चालतो त्याला.

बावीस हजार चारशे आठ.
ढगही एक, पाणीही एक,
दोघं एकाच आकड्यात, एकमेकांना न पुसता.

रावळसाहेबांचा फोन आला, "मीनळ,
हा आकडा आपल्या तक्त्यात नाही."
"नाही," मी म्हटलं. "एक ओळ वाढवा."
त्यांनी वाढवली की नाही, अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी भठ्ठ्यात गेले.
दुकानासमोर जुन्या चादरीवर
जगदाळे बॉबिन वाळत घालत होते,
गाळ पुसून, रॉकेलचं बोट लावून,
एकापासून मोजत.